मुऐदरची अबोली

“माणसं एसीत जगतात, मग अबोलीच का मरेल?” जैतून म्हणाली होती.

रत्नागिरीहून आणलेलं बी तेव्हा तिच्या रुमालाच्या गाठीत होतं, आणि दोह्याजवळच्या मुऐदरमधल्या दोन खोल्यांत तिचं पाऊल नुकतंच पडलं होतं. साल अठ्ठ्याण्णव. तिचा नवरा जहूर नुसता हसला. तो रास लफानच्या गॅस प्रकल्पात टेक्निशियन. दिवसभर तापलेल्या पाइपांशी झटून घरी आला की त्याला खोली बर्फासारखी गार हवी असायची.

पहिली रोपं तिनं अंगणात लावली. वाळवंटाच्या वाऱ्यानं ती पापडासारखी भाजली. पुढची तिनं घरात घेतली, तर एसीच्या कोरड्या थंडीत ती आखडून गेली. बाहेर भट्टी, आत हिवाळा, मधे वीतभर भिंत. अबोलीला हवी होती कोकणातली कोमट, ओलसर हवा, आणि ती या मुलखात कुठेच मिळत नव्हती.

मग जैतूननं ती स्वयंपाकघरात घडवली. तिथे एसी नव्हता. पूर्वेला खिडकी होती आणि भाताची वाफ होती. ओल्या खड्यांनी भरलेल्या परातींत तिनं कुंड्या ठेवल्या. एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरून तेच रोपांना घातलं. मासळी धुतलेलं पाणीही अधूनमधून.

“घराचा काय मासळीबाजार केलास गो?” जहूर नाक दाबून विचारी.

“कोकणातलं झाड हाय. त्याला काय अत्तर घालू?”

काही वर्षांनी एका सकाळी पहिला तुरा उघडला. जहूर चहाचा कप हातात धरून उभाच राहिला. त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसेल त्याला त्यानं सांगितलं, “आमच्या किचनमध्ये अबोली फुलते.” ऐकणाऱ्या केरळच्या माणसाला अबोली काय ते कळलं नाही. जहूरनं हातवारे करून फूल दाखवलं.

त्यांच्या लेकीचं, हनियाचं लग्न दोन हजार सहाला ठरलं. ईदनंतरच्या आठवड्यात निकाह. मुलगा अरहान, दोह्यातल्याच कोकणी व्यापाऱ्याचा. बोलणी झाली तेव्हा त्याची आई रबिया सहज म्हणाली, “फुलांची फिकीर करू नका. मुंबईहून विमानानं येतील. इथे काय उगवतंय?”

जैतूननं सरबताचा ग्लास खाली ठेवला. “हनियाच्या केसांत माझ्या घरची अबोली असेल, रबियाआपा.”

खोलीभर बायका होत्या. शब्द गेला तो गेला.

रमजानच्या पहिल्या आठवड्यात जैतून आणि हनिया कपड्यांच्या खरेदीसाठी बहिणीकडे दोन दिवस राहिल्या. जहूर सुट्टीवर होता. दुपारी तो स्वयंपाकघरात शिरला आणि घामानं निथळला. सगळ्या कुंड्या कळ्यांनी भरल्या होत्या. त्याला त्यांची कीव आली. आखातात पाहुण्याचा मान ठेवायचा म्हणजे त्याला एसीसमोरची जागा द्यायची. आल्यागेल्याला तो स्वतः तेच म्हणायचा, या, इकडे गार बसा. त्यानं कुंड्या हॉलमध्ये नेल्या, एसीखाली ओळीनं मांडल्या आणि एसी पूर्ण सोडला.

जैतून परतली तेव्हा कळ्या फरशीवर पडल्या होत्या. पानं आत वळली होती.

जहूर दाराशी थिजून उभा. ती ओरडेल म्हणून त्यानं खांदे आधीच पाडले होते.

“पाहुणचार केलात?” तिनं विचारलं. मग भिंतीपाशी जाऊन एसीचं बटण बंद केलं. “आता ही परत हलवली तर मरतील. निकाहपर्यंत एसी खलास.”

त्यानंतर घर पंख्यावर जगलं. संध्याकाळी कुंड्यांच्या मधोमध उकळत्या पाण्याची पातेली आणि भिंतींवर ओल. इफ्तारला आलेल्या बायका ओढणीनं वारा घेत.

“काय गो जैतून, बिल वाचवतेस?”

“हां. हुंड्यात बिलच देणार हाय.”

हनियाच्या मेंदीच्या नमुन्यांचे कागद दमट हवेत गुंडाळून गेले. ती इंग्रजीत कुरकुरली, पण पातेली भरून तीच आणू लागली. बर्फासारखी खोली मागणारा जहूर घामेजल्या उशीवर झोपला, आणि या घरात पहिल्यांदाच त्याची तक्रार नव्हती. दोन कुंड्या गेल्या. बाकीच्यांनी नवे कोंब धरले, कोंबांना तुरे आले. जैतून रोज उघडलेली फुलं खुडून ओल्या फडक्यात ठेवी. फ्रिजकडे बघतसुद्धा नसे.

निकाह झाला. जहूरला पडद्याआड बायकांच्या बाजूला बोलावलं, लेकीला निरोप द्यायला. रबियाच्या हातात विमानानं आलेला खोका होता. आत गुलाब, मोगरा. आणि हनियाच्या अंबाड्यावर अबोलीची वेणी होती, बोटभर रुंद, कुठेही विरळ नसलेली, दिव्याखाली विस्तवासारखी.

रबिया वाकून बघत राहिली. “ही कुठल्या फ्लाइटनं मागवलीस?”

“फ्लाइट नाही, आंटी,” हनिया चक्क मराठीत म्हणाली. “अम्मीचं किचन.”

कुणीतरी हसलं. रबियानं खोका बाजूला ठेवला, एका फुलाला बोट लावलं, खरं आहे का बघायला. मग हळू आवाजात म्हणाली, “जैतून, एक कुंडी आमच्याकडे दे. पोरीला तिकडेही लागेल.”

साऱ्या बायकांची तोंडं जैतूनकडे वळली. जहूरचा ऊर इतका भरून आला की तिच्या जागी आपणच काहीतरी मोठ्यानं बोलावं असं त्याला वाटलं. सांगावं यांना, ही माझी बायको. पण जैतूननं हनियाच्या वेणीची सुटलेली शेपटी पिनेखाली सारली, डोक्यावरून पदर घेतला, रबियाला मानेनंच हो म्हटलं, आणि ताठ चालीनं त्या सगळ्यांमधून बाहेर निघून गेली.