सहा दाती प्रोसेसर

शेळी आणि कम्प्युटर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, ही गोष्ट सगळ्या परभणी जिल्ह्यात फक्त माझ्या साडूंना मान्य नाही. ते बोरीला राहतात, शेळ्या-मेंढ्यांचा व्यापार करतात आणि जगातली कुठलीही किंमत बोकडांत मोजतात. मी स्कूटर घेतली तेव्हा पेढा तोंडात टाकून ते म्हणाले होते, "सात बोकडं गेली की वो गुरुजी!" पुढे माझ्या बायकोच्या मोतीबिंदूची चौकशीही त्यांनी त्याच मापाने केली. अशा माणसाने एका सकाळी जिंतूरला माझ्या दारात येऊन, चहाही न घेता, गेम खेळायचा कम्प्युटर मागितला. मी शाळेत कम्प्युटर शिकवतो, त्यामुळे हे लचांड माझ्याच गळ्यात पडणार होतं.

कारण त्यांची मुलगी. ती पुण्याला नोकरी करते आणि दर रविवारी दुपारी मैत्रिणींबरोबर कम्प्युटरवर लढाईचा कसलासा खेळ खेळते. दिवाळीत घरी आली तेव्हाही कानाला हेडफोन लावून खदाखदा हसत होती. "पोरगी माझ्याशी फोनवर दोन शब्द बोलती, अन् तिथं घंटाभर हसायली," साडू म्हणाले. त्यांनी तिला विचारलं, मी येऊ का खेळायला? ती थट्टेने म्हणाली, "या की आबा. आमच्यात एक जागा रिकामीच आहे. पण या महिन्यातच या, नंतर दुसरी मैत्रीण येणार आहे." थट्टा वगैरे साडूंना समजत नाही. जागा आहे म्हटल्यावर ती धरायची, एवढंच त्यांना समजलं.

बजेट ठरलं चार बोकडांचं. मी सुट्या भागांची यादी करून दिली आणि आम्ही परभणीला एका दुकानात गेलो. दुकानदाराने सहा कोअरचा प्रोसेसर दाखवला. साडूंनी तो उजेडात धरला, उलटा केला, बोटाने चाचपला आणि दात मोजून बोकडाचं वय सांगावं तसे म्हणाले, "सहा दाती हाय. भर उमेदीचं जनावर." पॉवर सप्लाय दाखवल्यावर त्यांनी वैरण किती लागते ते विचारलं. लाल-निळे दिवे लुकलुकणारी कॅबिनेट मात्र त्यांनी लांबूनच नाकारली. "शिंगं रंगवून आणलेलं जनावर मी आजवर घेतलं न्हाई!" दुकानदार माझ्याकडे बघत होता आणि मी छताच्या पंख्याकडे.

घोळ पुढे झाला. प्रोसेसर घेतला आणि साडू उठले. बाकीचं सामान इथे घ्यायचं नाही म्हणाले. का, तर नर एका कळपातला आणि मादीही त्याच कळपातली घेतली की पिल्लं लुळी निघतात. मी घसा कोरडा करून सांगितलं की कम्प्युटरला पिल्लं होत नाहीत. "तुमी शाळा शिकले, मी बाजार शिकलो," एवढं म्हणून ते एकटेच निघाले. मदरबोर्ड जालन्याहून आणला, रॅम जिंतूरहून, स्क्रीन नांदेडहून. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळं माझ्या टेबलावर मांडलं, तेव्हा परभणीचा प्रोसेसर जालन्याच्या मदरबोर्डवर बसेचना. दोघांची घडणच वेगळी. यादीतला मदरबोर्ड मिळाला नाही म्हणून साडूंनी दिसायला धट्टाकट्टा असा दुसराच उचलला होता.

मी चिडून खूप बोललो. साडू त्या रिकाम्या खाचेवरून बोट फिरवत बसले. मग हळूच म्हणाले, "उद्या शेवटचा रविवार हाय, गुरुजी." मी मुकाट्याने चपला घातल्या.

परभणीच्या दुकानदाराने साफ सांगितलं, फोडलेला माल परत घेत नाही. साडूंनी वाद घातला नाही. खांद्यावरची दस्ती काढून त्याच्या हातावर टाकली आणि आपला हात तिच्याखाली घातला. जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, दस्तीखाली बोटं दाबून, तोंडाने चकार शब्द न काढता. बिचारा दुकानदार आधी घाबरला, मग घामाघूम झाला, आणि शेवटी चक्क त्यानेही बोटं दाबायला सुरुवात केली. पाच मिनिटांनी बरोबर बसणारा प्रोसेसर आमच्या पिशवीत होता, वर एक माउस. काय ठरलं विचारलं, तर साडू म्हणाले, "दस्तीखालचं बाहेर सांगत न्हाईत." पुढच्या आठवड्यात मी त्या दुकानावरून गेलो, तेव्हा मागच्या बाजूला एक शेळी बांधलेली होती.

रात्री मी सगळं जोडलं आणि रविवारी चार वाजता बोरीला, आपल्या घरी, साडू पटक्यावरून हेडफोन चढवून बसले. पहिल्या मिनिटात मेले, दुसऱ्या मिनिटात पुन्हा मेले. त्यांना खेळता येण्याची शक्यता आजही नाही. पण हेडफोनमधून, शेजारी मलाही ऐकू येईल एवढ्या जोरात, मुलीचा आवाज आला, "आबा, तुम्ही नुसते माझ्या मागं मागं राहा." आणि ते राहिले. चहूकडे गोळीबार चालू असताना बापलेक आईच्या गुडघ्यावर, खोलीच्या भाड्यावर, तिच्या तिरसट साहेबावर बोलत होते. मध्येच साडू माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते. "गेल्या महिन्यात तिला आठवडाभर ताप होता म्हणं. मला आज कळायलंय."

घरी आल्या आल्या मी नागपूरला मुलाला फोन लावला. आमचं एरवी 'जेवलास का' आणि 'जेवलो' यापुढे जात नाही. मी विचारलं, "तू कम्प्युटरवर कुठला खेळ खेळतोस रे?" तो म्हणाला, "बाबा, मी खेळणं सोडून चार वर्षं झाली."