रस्त्यासाठी वर केलेला हात

आमच्या वॉर्डाच्या पार्षदबाई, म्हणजे नगरसेविका, समोरच्याच घरात राहतात. निवडून त्या आल्या, पण गल्ली साहेब म्हणते ती त्यांच्या नवऱ्याला. गटाराचं विचारा, नळाचं विचारा, बाई पदर सावरून म्हणणार, "हे आले की विचारते, मावशी." मी एकदा तोंडावर म्हटलं, "मग मत त्यालाच दिलं असतं की गं!" तर नुसत्या हसल्या. त्या हसण्याचा मला राग यायचा.

परवा नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, बैठकीत रस्ते नि नाल्यांसाठी कर्ज काढायचं की नाही, यावर हात वर करायचे होते. आमच्या रस्त्यावर रिक्षावालाही यायला तयार नसतो, म्हणून आम्ही पाच-सहा बाया गेलो आणि खिडकीशी उभ्या राहिलो. पार्षदबायांच्या नवऱ्यांना आत मनाई होती. साहेब आमच्या शेजारूनच बाईंना खुणा करत होते, हात खालीच ठेव. त्यांच्या गटाचं तसंच ठरलं होतं.

बाईंनी खिडकीकडे बघितलं आणि हात वर केला. आम्ही ओरडलोच!

"मॅडम, गलती से उठा क्या?" आतून कोणीतरी विचारलं.

बाई उठून उभ्याच राहिल्या. "गलती नाही. लिहून घ्या."

एका मताने कर्ज मंजूर झालं!

बाहेर आल्या तेव्हा साहेब गाडी घेऊन निघून गेले होते. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. "मावशी, घरापर्यंत सोबत येता?"

"येते. आणि आत बसते पण," मी म्हटलं. "चहा आज साहेबांनाच ठेवायला लावू."