रेहानाच्या साबणातली खसखस

नाझियाचा फोन आला तेव्हा मी नवापूरला भावाच्या घरी मेथी निवडत बसले होते. "खाला, अम्मी गई," ती म्हणाली. "कुठं गेली?" मी विचारलं, अगदी सहज. सकाळीच तर तिच्या आईशी, रेहानाशी, बोलणं झालं होतं. येताना एखादी पसरट परात दिसली तर घेऊन ये, असं तिनं सांगितलं होतं. मला वाटलं, बाजारात गेली असेल, फोन घरी राहिला असेल... पलीकडून बायकांचं रडणं ऐकू आलं, तरी मी पुन्हा तेच विचारलं, "अगं, पण गेली कुठं?" वहिनीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. पाठीत कळ येतेय म्हणून रेहाना खाटेवर टेकली होती आणि नाझिया पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. महिना उलटून गेला, पण माझ्या मनात अजून तोच प्रश्न अडकून पडलाय.

नंदुरबारला आमच्या दोघींच्या घरांची भिंत एकच. मी शाळेत मराठी शिकवणारी, ती लग्नानंतर गल्लीत आलेली. तिचा नवरा रिक्षांच्या सीटा शिवायचा आणि ती हंगामात मिरचीच्या पथारीवर कामाला जायची. आमच्याकडे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानाला पथारी म्हणतात. नजर जाईल तिथवर लाल मिरची पसरलेली आणि मध्ये ओळीनं बसून देठ खुडणाऱ्या बाया. घरात ती हिंदी बोलायची, पण बाहेरच्या सगळ्यांशी अहिराणी. मी शाळेतली, म्हणून मला ती 'मास्तरीण' म्हणायची आणि मी प्रमाण मराठीत बोलू लागले की हसायची.

नाझिया तान्ही असतानाची गोष्ट. रेहाना पथारीवरून आली, हात धुतले, परत धुतले, आणि पोरीला उचललं. पोरीनं आईचं बोट धरून तोंडाशी नेलं, डोळ्याला लावलं... तिची किंकाळी ऐकून मी स्वयंपाक टाकून धावले. आम्ही पाण्यानं डोळा धूत राहिलो, डॉक्टरकडे नेलं. डोळा बरा झाला. पण त्यानंतर हंगाम संपेपर्यंत रेहाना लेकीला मनगटांवर तोलून उचलायची, तळवे बाहेरच्या बाजूला वळवून. दरवर्षी तेच. एकदा ओट्यावर बसून हातांकडे बघत म्हणाली, "मन्हा हात दखीसन पोर रडस वं, मास्तरीण."

नाझिया कॉलेजात गेली आणि मोबाइलवर घरी साबण करण्याचे व्हिडिओ बघू लागली. गुलाबाच्या पाकळ्यांचे, चंदनाचे, नाजूक नाजूक साबण. रेहानानं ते बघितले आणि यानं हातांवरची मिरची निघेल का, एवढंच विचारलं, "येनाघाई मिरची निंघी का?" नाझिया हसली. रेहाना हसली नाही. धडगावच्या बाजारातून तिनं मोहाच्या बियांचं तेल मागवलं. कॉस्टिक सोड्याचं जहाल पाणी कालवताना नाकाला ओढणी बांधून ती अंगणात उभी राहायची आणि आम्हाला दारातच थांबवायची. साबण जमला, हातांची आगही बरीच कमी होऊ लागली, पण नखांच्या कडेला आणि बोटांच्या भेगांत मिरची बसलेलीच राहायची. ती घासून काढणारं काहीतरी साबणातच हवं होतं. मग तिनं बियांचा नाद घेतला.

आधी सब्जा घातला. तो पाण्यात फुगून इतका बुळबुळीत झाला की साबण हातात थांबेना. जवस भरडून घातलं, तर त्याच्या कडांनी माझ्याच मनगटावर ओरखडे उठले. सीताफळाच्या बियांचा भुगा घालून एक थाळाभर वड्या केल्या, तेव्हा गल्लीतल्या एक म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "अवं, येनाघाई त आम्ही उवा मारूत. डोळामा गयं त डोळा जाई." त्याच पावली रेहानानं सगळ्या वड्या परसात खड्डा खणून पुरल्या. "डोळासाठेच त हाई करी ऱ्हायनू मी," असं पुटपुटत माती लोटत राहिली.

शेवटी खसखस. महाग, पण इवलीशी, गोल, कुठं टोचत नाही आणि नखाच्या फटीतही शिरते. त्या दिवशी रेहानानं माझ्यासमोर सुपातल्या मिरच्यांचे देठ खुडले, बोटं लाल होईपर्यंत. मग नळाखाली त्या साबणानं हात घासले, एकेक नख, एकेक पेर. हात पुसले आणि मला काही कळायच्या आत तर्जनी स्वतःच्या डोळ्यात घातली. मी ओरडले. तिनं दुसऱ्या हातानं मला थांबवलं. डोळा उघडा ठेवून ती उभी होती, वाट बघत... मी तिच्या डोळ्याकडे बघतेय आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी येतंय. "दख," ती म्हणाली, "काहीच नही."

पुढच्या हंगामापासून पथारीच्या नळावर तिचे साबण दिसू लागले. डोंगरातून कामाला येणारी रमिला तान्ह्या लेकराला कडुलिंबाच्या झाडाला झोळी बांधून निजवायची. एका दुपारी मी रेहानाबरोबर तिथं गेले होते. रमिलानं हात धुतले, झोळीपाशी गेली आणि पोराचे गाल दोन्ही तळव्यांत धरले. रेहाना बघत उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "चाल, ऊन व्हई ऱ्हायनं," आणि माझ्यापुढे भराभर चालू लागली. घरापर्यंत तिनं तोंड वळवलं नाही.

नवापूरहून मी पोचले तेव्हा आतल्या खोलीत तिला शेवटची अंघोळ घालायची तयारी चालली होती. मी पडद्याबाहेर बसले. आतून कुणीतरी साबण मागितला. त्या घरात साबणांची काय कमी! नाझिया फळीपाशी गेली, एक वडी उचलली, ठेवली, दुसरी उचलली... आणि तशीच उभी राहिली. "खाला, सगळ्यांत खसखस आहे," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अम्मीला टोचेल." खसखस टोचत नाही हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. मी उठले, माझ्या घरातून दुकानातला साधा साबण आणला आणि पडद्याच्या फटीतून आत दिला. आतल्या एका हातानं तो घेतला. इतकी वर्षं साबण करणारीला शेवटी माझ्या न्हाणीघरातला विकतचा साबण लागला. त्या क्षणी मला कळलं की ती गेलीय.

गेल्या आठवड्यात नाझियानं मला हाक मारली. रेहानानं जाण्याच्या आदल्या दिवशी ओतलेला साबण साच्यातच राहून गेला होता. आम्ही दोघींनी तो काढून तारेनं कापला. पहिली वडी पडली आणि आम्ही एकमेकींकडे बघितलं. वरचा भाग नुसता पांढरा, गुळगुळीत, आणि सगळी खसखस तळाशी बसलेली. साबणाचं मिश्रण बासुंदीसारखं दाट होईपर्यंत घोटायचं असतं, दाणे त्यानंतर घालायचे, नाहीतर ते खाली बसतात. रेहाना हात भरून आला तरी घोटणं सोडत नसे. एवढ्या वर्षांत एकदाही तिच्या वडीत असं झालं नव्हतं.

"म्हणजे तिला आदल्या दिवसापासूनच दुखत..." नाझिया बोलता बोलता थांबली. "ती हे घोटत होती तेव्हा मी तिथंच होते, खाला. बाहेर कपडे वाळत घालत होते. तिनं मला हाकही मारली नाही." मी तिला जवळ घेतलं. सकाळी फोनवर मलाही ती काही म्हणाली नव्हती. परातीचं तेवढं बोलली.

वड्या आम्ही पथारीवर नेऊन दिल्या. बाया खालच्या बाजूनं हात घासतात आणि वरच्या बाजूनं तोंड धुतात, असं रमिला सांगत होती. एक वडी मी ठेवून घेतली आहे. रोज सकाळी तिच्या गुळगुळीत बाजूनं हात धुते. वडी हातात फिरते, बोटं तळाच्या खसखशीपर्यंत येतात... आणि मी नळ बंद करते.