साती आसरांनी निवडलेला डोह

गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी रुख्मामावशीवर अन्याय झाला. मावशी पैनगंगेकाठची भोईण. पाण्यातल्या सात बहिणी, साती आसरा, हे तिचं दैवत. घरोघरी पितरांना घागर भरली जात होती, तेव्हा वाळू उपसणाऱ्या मशीननं तिचे शेंदूर लावलेले सातही दगड उचलले आणि ट्रकात घालून नेले. आम्ही पोरांनी पत्रकं वाटली, निवेदनं दिली. लोक हळहळले, बस. देवाशी माझं घेणंदेणं नव्हतं. मला चीड चोरीची होती.

दिवाळीनंतर मावशीनं पात्रातून सात नवे दगड वेचले. मशीन न पोचलेल्या खालच्या डोहावर ते बसवायचे होते. मी म्हटलं, ऑटो करू, फोटो काढू, बातमी येईल. ती फिसकन हसली.

"आसरा का सोयाबीनचे कट्टे हायेत? त्या पाण्यानंच जातात. वल्हं मारता येते का तुले, का नुसते कागदच वाटता येते?"

मग डोंग्यात बसलो. त्या पट्ट्यात काठाला ना रस्ता, ना मोबाइलची रेंज. पळसाच्या रानातून रोही, म्हणजे नीलगाई, पाण्यावर उतरत आणि आम्हाला पाहून न पाहिल्यासारखं करत. संध्याकाळी वाळूवर मुक्काम केला. मावशीनं भाकर टाकली, पहिला तुकडा नदीत सोडला, मग मला दिला. जिचं सगळं ओरबाडलं, ती आधी देते आणि मग खाते. एवढं मोठं मन मी कुठल्या सभेत पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मशीननं खोदलेल्या एका खड्ड्यावर पाणी गरगरत होतं. डोंगा आडवा झाला, उलटला. दगडांचं गाठोडं मीच शहाण्यानं कमरेला बांधलं होतं. ते मला खाली ओढू लागलं. मावशी डोंग्याला धरून ओरडत होती, "सोड त्याइले, पोट्ट्या! सोड!" मी सोडेना. ज्यांच्यासाठी एवढं भांडलो, त्यांना बुडवू? मग श्वास संपला. आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हटलं, बायांनो, आता तुमचं तुम्ही बघा. गाठ ओढली.

वर आलो तर हाताशी मोटरपंपाचा काळा पाइप. काठावरून एक अनोळखी शेतकरी ओरडत होता, "सोडू नको भाऊ, घट्ट धर!" त्यानं आधी मला, मग मावशीला ओढून घेतलं. त्याची मोटर नेमकी बंद पडली म्हणून तो नदीवर उतरला होता. एरवी इथं चिटपाखरू नसतं, असं तोच म्हणाला. हे कसं झालं, ते मला सांगता येत नाही.

मी दगडांसाठी रडलो. मावशी लुगडं पिळत म्हणाली, "रडतं काहून? मशीननं जिथं उकरलं तिथंच बसल्या त्या. त्याइले तुह्यापेक्षा जास्त समजते."

मी अजून तापटच आहे. पण नदी माझ्यामुळे वाचते, हा माज गेला. त्या माणसाला आणि त्याच्या बिघडलेल्या मोटरलाही मी हात जोडतो. आपण वल्हं मारायचं. पोचवणारं कोणी वेगळं आहे.

पण वल्हं मारायचंच आहे. वाळूघाटाच्या, म्हणजे नदीतली वाळू उपसायला देण्याच्या, लिलावाचा ठराव तुमच्याही ग्रामसभेत येईल. त्या दिवशी घरी बसू नका. सगळ्यांसमोर उभे राहा आणि मोठ्यानं "नाही" म्हणा.