शालूमावशीचे शनिवार

फोन आला तेव्हा मी हडपसरच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. नंबर अनोळखी. एक बाई हिंदीत बोलत होत्या. आधी त्यांनी माझं नाव विचारलं, मग मी बसलेली आहे ना ते विचारलं, आणि मग सांगितलं की शालिनीजी पहाटे झोपेतच गेल्या… मध्य प्रदेशात, ओरछ्याच्या धर्मशाळेत. बाई धर्मशाळेच्या शेजारच्या घरात राहणाऱ्या, शाळेत शिक्षिका. मावशी रोज सकाळी त्यांच्याकडे चहाला जायची. त्या दिवशी आली नाही, म्हणून त्यांनी मॅनेजरला बोलावून दार उघडवलं होतं. शालूमावशी, माझ्या आईची थोरली बहीण, पंचाहत्तरीला आलेली, पुण्यापासून इतकी दूर, एकटी गेली होती.

मी आणि माझा भाऊ मिळेल त्या विमानाने आणि पुढे टॅक्सीने दुसऱ्या दिवशी पोहोचलो. वाटेत मनात नाही नाही ते येत होतं. धर्मशाळेच्या दारात चपलांचा ढीग दिसला तेव्हा वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कोणाच्या घरी आलो. आत गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. रात्रभर आळीपाळीने बसल्या होत्या, असं नंतर कळलं. बर्फ आणलेला, उदबत्ती लावलेली, आणि अंगावर तिची ती फिकट जांभळी साडी. एका फळवालीने आम्हाला विचारलं की तुम्हीच का ते पुण्याचे, आणि आमच्याआधी तीच रडायला लागली. मावशी त्या गावात तिसऱ्यांदा आली होती. आमच्या सोसायटीत मला नावाने ओळखणारी जितकी माणसं आहेत, त्याहून जास्त माणसं बेतवा नदीकाठच्या स्मशानापर्यंत तिच्याबरोबर चालत आली.

पुण्याला परतल्यावर नातेवाईक भेटायला येऊ लागले आणि एकच वाक्य फिरून फिरून ऐकू येऊ लागलं. "एकटीच गेली हो बिचारी, परमुलखात." येणारे म्हणायचे, उठून जाणारे म्हणायचे, आणि सगळ्यात जास्त वेळा माझी आईच म्हणायची. मी ओरछ्याचं सगळं तिला सांगितलं, दोनदा सांगितलं. ती डोळे पुसायची आणि पुन्हा म्हणायची, बिचारी. हा लेख खरं तर त्या एका शब्दाशी माझं जे भांडण आहे, त्यासाठी लिहायला घेतला आहे. शालूमावशीला काहीही म्हणा, हट्टी म्हणा, फटकळ म्हणा, तिचं काही म्हणणं नसतं. बिचारी म्हटलेलं तिला जिवंतपणी कधी चाललं नाही, आणि मला आता चालत नाही.

ती बँकेत होती. लग्न केलं नव्हतं, कसबा पेठेत दोन खोल्यांत राहायची. बँकेत संगणक आले, पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, आणि मावशीने पहिल्याच झटक्यात अर्ज दिला. आता ती मोकळी झाली म्हटल्यावर तिचा मोकळा वेळ घरातल्यांनी परस्पर वाटूनही टाकला. कोणाची नातवंडं, कोणाचं आजारपण, कोणाच्या मुंजीचं फराळाचं. मावशीने एका रविवारी आमच्याकडे जेवताना सांगितलं की ती पुढच्या आठवड्यात बदामीची लेणी बघायला जाणार आहे. बाबांनी विचारलं, कोणाबरोबर? ती म्हणाली, "माझ्याबरोबर." आणि ताक मागितलं.

त्या पहिल्या प्रवासाला आमच्या घराण्याने जे केलं ते फक्त आमच्यासारखी माणसंच करू शकतात. एकटी बाई निघाली म्हणजे तिच्याबरोबर निदान सामान तरी भरपूर असावं, असा काहीतरी हिशेब असणार. आईने चिवडा, लाडू, शंकरपाळे दिले. मामीने घोंगडी दिली, कोणी थर्मास, कोणी गरम पाण्याची पिशवी. बॅग इतकी जड झाली की नाकापेक्षा मोती जड म्हणावं, तर इथे नाक दिसतच नव्हतं. पुणे स्टेशनवर तीन पुरुषांनी मिळून ती डब्यात ढकलली आणि बाकाखाली कोंबली. चढवायला सगळं घर हजर होतं. उतरवायला कोण, हा प्रश्न एकालाही पडला नाही. सोलापूरला गाडी बदलताना हमाल मिळाला म्हणून निभावलं. बदामीला गाडी थांबली ती निघण्यापुरतीच. बॅग बाकाखालून हलेना. मावशीने क्षणभर बॅगेकडे पाहिलं, खांद्याची पर्स सावरली आणि उतरून गेली. आमचे शंकरपाळे गदगला पोहोचले.

तिने गावात एक साधी इरकल साडी घेतली, एक टॉवेल, एक साबणाची वडी, आणि आठवडाभर त्यावर राहिली. स्टेशनमास्तरांनी बॅग परत मागवून ठेवली होती. ती परतताना घेतली, खाऊ तिथल्या हमालांना वाटला आणि घरी आल्यावर आईला बजावलं की यापुढे तिच्या बॅगेला कोणी हात लावायचा नाही. त्या आठवड्याइतकं हलकं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, असं ती मला नंतर म्हणाली. आई मात्र बरेच दिवस घोंगडीबद्दलच हळहळत होती.

तिथून तिची पर्वतीची अट आली. एकट्याने प्रवासाला निघणाऱ्याने आदल्या दिवशी भरलेली बॅग घेऊन पर्वती चढायची. मदत घ्यायची नाही, चिडायचं नाही. वर पोहोचून श्वास लागला असेल तर तिथेच बॅग उघडायची आणि चढताना ज्या वस्तूंचा राग आला त्या बाहेर काढायच्या. मी पहिल्यांदा चढले तेव्हा केस वाळवायचं यंत्र, बुटांचा दुसरा जोड आणि एक जाडजूड कादंबरी बाहेर आली. ते सगळं हातात धरून मी खाली उतरले आणि फिरायला आलेले आजोबा मला बघून हसले, म्हणाले, शालूताईंची का? पर्वतीवर सकाळी नेहमी येणाऱ्यांना ती परीक्षा माहीत झाली होती.

होता होता लोक तिच्याकडे विचारायला येऊ लागले. आधी बँकेतल्या जुन्या मैत्रिणी, मग त्यांच्या सुना, आणि मग पुण्यात आयटी फोफावलं तशा हडपसरच्या, येरवड्याच्या ऑफिसांतल्या मुली. नागपूर, अमरावती, यवतमाळहून आलेल्या, तीन-चार जणींत एक फ्लॅट घेऊन राहणाऱ्या. हातात पहिला पगार, डोळ्यांत सगळा देश, आणि रोज संध्याकाळी घरून फोन, जेवलीस का, कुठे आहेस. मावशीने दारावर पाटी लावली होती, "प्रवासाची चौकशी शनिवारी सकाळी. आयुष्याची नको." आत गेलं की चहा मिळायचा, आणि तिच्या मनात आलं तर पोहेसुद्धा.

तिचं सांगणं साधं असायचं. नव्या गावात अंधार पडल्यावर पोहोचायचं नाही, गाडी अशी निवडायची की उतरताना सकाळ असेल. उतरल्याबरोबर रिक्षात बसायचं नाही, आधी चहा प्यायचा आणि गाव बघायचं. राहण्याचं विचारायचं तर औषधाच्या दुकानात, कारण त्यांना गावातली बरी माणसं ठाऊक असतात. खोली बघताना आधी आतली कडी बघायची, मग मोरी, मग भाव. जेवायचं दुपारी, पोटभर, आणि कचेरीतली माणसं जेवतात त्या खाणावळीत. रोज तिथेच जेवणाऱ्याला कोणी शिळं वाढत नाही. बरोबर मेतकूट ठेवायचं, गरम भात सगळ्या देशात मिळतो. आणि एकटी आहेस का असं बाईने विचारलं तर खोटं सांगायचं नाही. हो, एकटीच आहे, म्हणायचं आणि तिच्या शेजारी बसायचं. मुली इंटरनेटवरून नकाशे, हॉटेलांची माहिती असं बरंच छापून आणायच्या. मावशी चष्मा लावून सगळं मन लावून बघायची आणि शेवटी विचारायची, "हे छान आहे. उतरल्यावर पहिला शब्द कोणाशी बोलणार?" तिथे बहुतेकजणी पुन्हा कागद चाळायला लागायच्या. मग खरी शिकवणी सुरू व्हायची.

मला कंपनीने पहिल्यांदा परदेशी पाठवलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगायला गेले होते. तिने विचारलं, विमानतळावरून कोण नेणार? कंपनीची गाडी. राहणार कुठे? कंपनीचं गेस्ट हाउस. जेवण? तेही तिथेच. मावशी म्हणाली, "मग याला प्रवास नको म्हणूस, पार्सल म्हण." मला राग आला होता. पण पुढच्या सुट्टीत मी एकटी रेल्वेने मदुराईला गेले, भाषा येत नसताना आठ दिवस हिंडले, आणि परतल्यावर स्टेशनवरून थेट कसब्यात गेले. तिने सगळं ऐकून घेतलं, शाबास वगैरे म्हणाली नाही. पण त्यानंतर शनिवारी आलेल्या मुलींना ती माझी ओळख करून देताना माझी नोकरी सांगायची नाही. ही मदुराईला एकटी जाऊन आली, एवढंच सांगायची. मला कुठल्याही बढतीचा वाटला नसेल इतका अभिमान त्या वाक्याचा वाटायचा.

एकच माणूस तिला कधी हलवता आला नाही, माझी आई. आई लक्ष्मी रोडलासुद्धा एकटी गेली नाही. आधी बाबा, मग भाऊ, मग मी. मावशी दर वर्षी म्हणायची, विमल, एकदा तरी जा, फार लांब नको, वाईला जा, सकाळी जाऊन संध्याकाळी ये. आई म्हणायची, आता पुढच्या वर्षी. भांडण नव्हतं, पण दोघी बहिणींच्यात ते वाक्य वर्षानुवर्षं तसंच पडून होतं… मावशी इतक्या अनोळखी मुलींना वाटेला लावत होती आणि पाठची बहीण मात्र दारातच उभी होती, याचं तिला वाईट वाटायचं. तिने ते मला एकदाच सांगितलं.

मावशी जाऊन महिना होत आला तेव्हा आम्ही तिच्या खोल्या आवरायला गेलो, आई आणि मी. तो शनिवार होता, हे आमच्या ध्यानातही नव्हतं. भांडी बांधत होतो तेवढ्यात दारात एक मुलगी आली. प्राची, मूळची वर्ध्याची, हडपसरला नोकरीला. तिला काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती जिन्याच्या पायरीवरच बसली आणि रडली. तिला हिमाचलात जायचं होतं, एकटीने, रजा मंजूर झाली होती. वडील ऐकत नव्हते. शेवटी त्या बाईंशी एकदा बोलतो, मग बघू, एवढ्यावर ते आले होते, आणि ते बोलणं त्या सकाळी व्हायचं होतं. ती उठून निघालीच होती, तेवढ्यात वडिलांचा फोन आला.

तिने आम्हालाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला आणि त्यांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता, आवाजात खरी हळहळ होती. कुठे वारल्या, कशा वारल्या, विचारलं. मग वऱ्हाडी बोलीत म्हणाले, "पाय बेटा, आता तूच पाय. एकटीच गेली न बिचारी बाई."

आई पितळी डबे पुसत होती. तिचा हात थांबला. तिने पदराला हात पुसले आणि प्राचीपुढे हात केला, फोनसाठी. मी आईला परक्या पुरुषाशी आपणहून बोलताना तोवर पाहिलं नव्हतं.

"नमस्कार. मी त्यांची धाकटी बहीण बोलतेय. बिचारी नव्हती हो ती. तिच्या उशाशी अख्खी गल्ली बसली होती रात्रभर."

मग ते जपून, मानाने म्हणाले, "तसं नाही म्हणत मी, ताई. पण पोरीची जात हाय. तुमी सोता गेल्या काय जी कधी एकट्या?"

मला वाटलं, संपलं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही, खिडकीकडे बघत होती. "नाही गेले," ती म्हणाली. "सत्तरी उलटली, एकदाही नाही गेले. बहीण दर वर्षी सांगत होती. म्हणूनच तुम्हाला सांगते, तिला जाऊ द्या."

मग त्यांनी विचारलं की तिकडे थंडी फार असते काय, पोरीजवळ धड स्वेटर नाही. प्राचीने तोंडावर ओढणी धरली. स्वेटर मी देते म्हणून आईने सांगितलं आणि फोन परत केला.

प्राची गेल्यावर मी पुन्हा भांडी बांधायला घेतली. आई म्हणाली, राहू दे, डबे जागेवर लाव, शनिवारी कोणी आलं तर चहाला लागतील. मी लावले. ती मावशीच्या खुर्चीत बसून होती. थोड्या वेळाने तिने विचारलं की ओरछ्याला जायला पुण्याहून थेट गाडी आहे का. मी म्हटलं, झाशीपर्यंत आहे, पुढे रिक्षा मिळते, सकाळी पोहोचणारी बघू, मी लगेच रजा टाकते.

"तुझ्या रजेचं कोणी विचारलं?" आई म्हणाली.