दिगंबरच्या वतीने ऐकलेला आवाज

आमचा मेकॅनिक बहिरा होता. आज सकाळी गेला.

दिगंबर. पाळी गावच्या खाणीवरच्या ट्रकांनी त्याचे कान खाल्ले. खाण बंद पडल्यावर या गृहस्थाने डिचोलीत गॅरेज टाकलं, तेही बारीक आवाजाच्या पेट्रोल गाड्यांचं.

जाडे आवाज ऐकू यायचे, बारीक नाही.
हे फक्त मला ठाऊक. गिऱ्हाइकांना कळलं तर गॅरेज बसेल, ही त्याची धास्ती.

एकदा पेडण्याच्या एक शिक्षिका आल्या. चढावर त्यांच्या गाडीचं इंजिन ठोके देत वाजायचं. स्कॅनर लावला, एकही फॉल्ट नाही.

"शास्त्री, बस बाजूक. वाजलां की माका थापट मार."

(माझ्या संस्कृतचा त्याला एवढाच उपयोग. हाक मारायला.)

चढावर त्याने ॲक्सिलरेटर दाबला. मी थापट मारली.

"कसो वाजता?"

"किंकिणीसारखा, पण किंचित..."

"मराठीत सांग मरे! डब्यात खडे हलवल्यासारखो की हातोडो मारल्यासारखो?"

"खडे."

पाय काढल्यावर आवाज थांबला.

"मग बेअरिंग नाय. पेट्रोल अवेळी पेटता."

पेट्रोल बदललं. प्लग पाहिले. शेवटी नॉक सेन्सरपाशी आला. हा सेन्सर इंजिनाचे ठोके ऐकतो, मग कम्प्यूटर ठिणगी जरा उशिरा पाडतो. कुणा शहाण्याने त्याच्याखाली वॉशर घालून ठेवला होता, म्हणून तो इंजिनाला नीट टेकतच नव्हता.

"ह्याकापण ऐकाक येना," दिगंबर म्हणाला. हसला नाही.

वॉशर काढला, सेन्सर मापात आवळला. पुन्हा तोच चढ.

"वाजलां?"

"नाही."

"माझ्याखातर नाय म्हणू नको."

"नाही रे बाबा, खरंच नाही."

वर पोचल्यावर त्याने गाडी वळवली.

गॅरेजवर येऊन स्वतःच म्हणाला, "बाई, मला बारीक आवाज ऐकू येत नाय. आज ह्याने ऐकलं. विश्वास नसला तर दुसरीकडे दाखवा."

बाईंनी चावी उचलली. "ते असू दे. पुढच्या सर्व्हिसिंगला कधी आणू?"

त्यानंतर तो सगळ्यांनाच सांगू लागला.
एकही गिऱ्हाईक गेलं नाही.
माझी दुपारची झोप तेवढी गाड्या ऐकण्यात गेली.

आज स्मशानातून परतताना एकाने मला हळूच विचारलं, "आता गाडी कुठे न्यायची हो?"

मला काय माहीत?

मला फक्त ऐकू येतं.

तुझ्यासाठी ऐकून दमलो रे, दिगंबर. तू सावकाश जा.