अख्खा काजू

मुक्त व्यापार कराराबद्दल आमचं म्हणणं ऐकायला राज्य सरकारने बैठक बोलावली होती. आमच्या तालुक्यातून काजू कारखानदार म्हणून मी आणि सुशीलावहिनी गेलो होतो. चहाबरोबर टेबलावर खाऱ्या काजूंच्या वाट्या ठेवलेल्या. वहिनींचा हात वाटीत गेला आणि तिथेच घुटमळत राहिला. त्या तुकडा शोधत होत्या.

आमच्याकडे अख्खा काजू कुणी खात नाही. अख्खा विकायला, फुटका घरात. आजारी माणसालासुद्धा तुकड्यांचीच खीर. टरफलाच्या चिकाने काळी पडलेली आमची बोटं चांगल्या दाण्यावर थांबतच नाहीत.

वाटीत एकही तुकडा नव्हता. शेवटी वहिनींनी एक अख्खा दाणा उचलला, टेबलाखाली मोडला आणि अर्धाच तोंडात टाकला.

तेवढ्यात बैठक घेणारे सरकारी साहेब म्हणाले, "करार तर झालेलाच आहे. बाहेरचा काजूगर आता स्वस्तात येईल. तुमच्या काही सूचना?"

पंगत उठल्यावर वाढप्याने मीठ घेऊन फिरावं, तसं वाटलं. तरी मी उभा राहिलो आणि बोलावल्याबद्दल आभार मानले. चांगलं ते दुसऱ्याचं, उरलंसुरलं आपलं, ही सवय जिभेपर्यंत गेलेली असते.

जिना उतरताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, कारखान्यातल्या बायका वाट बघत असतील. त्यांना काय सांगू?"

उरलेला अर्धा दाणा अजून वहिनींच्या मुठीत होता, घामाने मऊ पडलेला.